अप्पर एसपीला नक्की काम काय असतं?

प्रश्न असा आलाय की जिल्ह्याला एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक आहे, उपविभागाला डीवायएसपी म्हणजे उपअधीक्षक आहे, पोलीस स्टेशनला पीआय म्हणजे निरीक्षक आहे, मग मधे हा अप्पर एसपी कशासाठी. विचारणारा मुलगा राज्यसेवेची तयारी करतोय आणि त्याला कुणीतरी सांगून ठेवलंय की ती साइड पोस्टिंग असते, गाडी बंगला मिळतो आणि दिवसभर सह्या करायच्या. मी दोन जिल्ह्यांत मिळून साधारण पाच वर्षं अप्पर एसपी होते, आता रिटायर झालेय, तेव्हा वेळ आहे, जरा सविस्तरच लिहिते.

आधी नावाचा घोळ काढून टाकू. पेपरात एएसपी म्हणून येतं तो बऱ्याचदा असिस्टंट एसपी असतो, म्हणजे नवीन आयपीएस, ज्याला सुरुवातीला एखादा उपविभाग देतात. अप्पर म्हणजे अ‍ॅडिशनल. आणि हे अप्पर इंग्रजीतलं वरचं नाही बरं का, सरकारी कागदावर अपर पोलीस अधीक्षक लिहितात, संस्कृतातला अपर, म्हणजे दुसरा. अपर जिल्हाधिकारी तसंच. गावाकडं लोकांना वाटायचं अप्पर म्हणजे एसपीच्या वर, एका सरपंचांनी मला तसं विचारलं पण होतं.

कायद्यात हे पद महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 8 मधे येतं. त्यात गंमत अशी आहे की अप्पर एसपीचे स्वतःचे वेगळे अधिकार लिहिलेलेच नाहीत. सरकार आदेश काढून एसपीचे सगळे किंवा काही अधिकार त्याला देऊ शकतं, पूर्ण जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्याच्या एखाद्या भागासाठी. शिवाय पूर्वीच्या सीआरपीसीचं म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 36, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 30, त्यानुसार ठाणेदाराच्या वरचा कुठलाही अधिकारी आपल्या हद्दीत ठाणेदाराचे सगळे अधिकार वापरू शकतो. म्हणजे कागदावर बघितलं तर अप्पर एसपी वरचं पण करू शकतो आणि खालचं पण करू शकतो, आणि त्याचं स्वतःचं असं काय ते कुठंच लिहिलेलं नाही. पहिल्या महिन्यात मी याच गोष्टीनं गोंधळून गेले होते, कुणाला विचारायला जावं तर प्रत्येकजण वेगळं सांगायचा.

काही जिल्ह्यांत वाटणी स्पष्ट असते. नाशिक ग्रामीणचा एक अप्पर मालेगावला बसतो, पुणे ग्रामीणचा बारामतीला, नगरचा श्रीरामपूरला, जळगावचा चाळीसगावला, बीडचा अंबाजोगाईला, नांदेडचा भोकरला, बुलडाण्याचा खामगावला, कोल्हापूरचा गडहिंग्लजला. का, तर जिल्हा मोठा आहे आणि एसपी मुख्यालयातून निघून तिथं पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मालेगाव नाशिकपासून शंभर किलोमीटरच्या वर, यंत्रमागाचं दाट वस्तीचं गाव, 2006 आणि 2008 चे बॉम्बस्फोट बघितलेलं, तिथं रात्री दोनला निर्णय घेणारा माणूस गावातच पाहिजे. गडचिरोलीत तर अभियान, प्रशासन आणि अहेरी असे वेगवेगळे अप्पर असतात, आणि तिथला अभियानाचा अप्पर स्वतः सी-60 या नक्षलविरोधी पथकाच्या जवानांबरोबर जंगलात जातो. नोव्हेंबर 2021 ला मर्दिनटोल्याच्या जंगलात ज्या चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला त्या पथकांचं नेतृत्व अप्पर एसपी सोमय मुंडे करत होते. तिथं कुणी साइड पोस्टिंग म्हणून दाखवावं.

पण मुख्यालयात एसपीच्या शेजारच्या केबिनमधे बसणारा जो अप्पर असतो, त्याच्याबद्दल प्रश्न आहे असं मी धरते, कारण मी पण तशीच होते.

रोजचं काम म्हणाल तर सकाळी कंट्रोल रूमचा चोवीस तासांचा अहवाल, रात्रीत काय काय दाखल झालं ते. मग टपाल. मग अर्जदार, ज्यांची तक्रार पोलीस स्टेशनला घेतली नाही असे लोक, सीआरपीसीचं आधीचं 154(3) म्हणजे बीएनएसएसचं आताचं 173(4), कायद्यानं अर्ज एसपीकडं येतो पण रांग बऱ्याचदा अप्परच्या दाराशी असते. अ‍ॅट्रॉसिटीच्या तपासावर लक्ष, तो डीवायएसपीच करतो पण मुदतीचं कोण बघणार. तडीपारीचे प्रस्ताव, पोलीस अधिनियमाच्या कलम 56 चे प्रांताकडं जातात, 55 चे टोळीचे एसपीकडं, त्यातले निम्मे कच्चे असतात, ते परत पाठवायचे. पोलीस स्टेशनची वार्षिक तपासणी, मुद्देमाल मोजणं, जुन्या प्रलंबित फायली. शांतता समितीच्या बैठका. बदल्यांसाठी जिल्हा पातळीवर जे आस्थापना मंडळ आहे त्यात एसपी अध्यक्ष आणि सगळ्यात सीनियर अप्पर सदस्य. हे सगळं पुस्तकात सापडेल, म्हणून पटापट सांगितलं.

पुस्तकात जे सापडत नाही ते असं की जिल्ह्यात एसपीला खरं सांगणारं कुणी नसतं. वाईट वाटून घेऊ नका पण हे असंच आहे. ठाणेदाराची पोस्टिंग एसपीच्या हातात, एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, तिच्या पीआयची खुर्ची एसपीच्या मर्जीवर, हवालदाराची शिक्षा एसपीच्या सहीनं. हे लोक खोटारडे असतात असं मी म्हणत नाही, पण प्रत्येकजण आपल्या सोयीचं आधी सांगतो आणि गैरसोयीचं नंतर, कधी कधी सांगतच नाही. अप्पर एसपी हा एकच माणूस असा असतो की ज्याची पोस्टिंग एसपीच्या हातात नसते, ती गृह खात्यातून येते, आणि जो एसपीचं चेंबर बंद करून आत बसू शकतो. ही जागा वापरायची का नुसती सांभाळायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी म्हणते वापरायची.

एक प्रसंग सांगते. एका तालुक्याच्या गावात रात्री खून झाला, व्यापारी माणूस, गाव पेटलेलं, दोन दिवस बाजार बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी एलसीबीनं एक संशयित उचलला, त्यानं कबुली दिली म्हणाले, पाच वाजता प्रेस ठरली, फोटोसाठी आरोपीला बुरखा पण घालून ठेवला. प्रेसनोट माझ्याकडं फक्त नजर मारायला आली होती. मी सोबत अटकेचे कागद मागवले. अंगझडती पंचनाम्यात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, एक एसटीचं तिकीट. ते तिकीट मागवून घेतलं, चुरगळलेलं होतं, पण मशीनचं तिकीट असल्यामुळं तारीख वेळ छापलेली. खुनाच्या रात्रीचं, नऊ पन्नासचं, दुसऱ्या तालुक्यातनं चढलेला, तिथनं घटनास्थळ साठेक किलोमीटर. आणि डॉक्टरांनी खुनाची वेळ दिलेली नऊ ते साडेदहा. आता तिकीट दुसऱ्या कुणाचं असू शकतं, खिशात कुठनंही आलेलं असू शकतं, मान्य आहे, पण तपासलं तर पाहिजे ना. कुणीच तपासलं नव्हतं, पंचांनी सांगितलं ते रायटरनं लिहिलं आणि पान उलटलं.

साडेचारला मी एसपींच्या चेंबरमधे गेले. साहेब तयार होऊन बसलेले, वरनं सकाळपासून चार फोन आलेले. मी तिकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणलं, सर, हे एवढं बघून घ्या मग तुम्ही म्हणाल तसं करू. त्यांनी बघितलं, मिनिटभर काही बोलले नाहीत, मग रीडरला बोलावून प्रेस उद्यावर टाकली. वरच्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. त्या बसच्या कंडक्टरनं माणूस ओळखला. पाचव्या दिवशी खरा आरोपी सापडला, मयताच्या दुकानातला जुना नोकर. पहिल्या पोराला सोडलं तेव्हा त्याची आई ऑफिसच्या बाहेर पायरीवर बसली होती, ती दोन दिवस तिथंच होती असं गार्डनं मला नंतर सांगितलं.

आता यात मी काय मोठं केलं, तर कागद पूर्ण वाचला. एसपीला तो वाचायला वेळ नव्हता, एलसीबीला वाचायची इच्छा नव्हती, मधे जो माणूस बसवलाय त्यानं नाही वाचायचा तर कुणी वाचायचा.

याच्या उलटची माझी एक चूक पण सांगते, कारण नवीन लोक हीच करतात. पहिल्या जिल्ह्यात मी नवीन असताना मासिक क्राइम मीटिंगमधे, सगळे ठाणेदार समोर बसलेले, एसपींनी रात्रगस्तीची पथकं एका विशिष्ट पद्धतीनं वाटायची म्हणून सांगितलं आणि मी तिथंच म्हणलं की सर यानं घरफोड्या थांबणार नाहीत. मुद्दा माझा बरोबर होता, अजून पण मला तसंच वाटतं. पण पुढच्या आठवड्यापासून मला दिसायला लागलं की काही ठाणेदार फायली घेऊन आधी माझ्याकडं यायला लागलेत, गोड बोलतायत, आणि काही मला टाळून थेट तिकडं जातायत. जिल्ह्यात दोन दुकानं उघडली, आणि ती मी उघडली होती. साहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत. ती गाडी रुळावर यायला तीन महिने गेले, आणि त्या तीन महिन्यांत एक ठाणेदार आमच्या दोघांच्या मधल्या फटीत व्यवस्थित लपून राहिला, त्याच्या हद्दीतला मटका दोघांनाही कळला नाही, मला वाटायचं साहेबांना माहीत असेल, साहेबांना वाटायचं मी बघतेय.

तेव्हापासून ठरवून टाकलं. चेंबरचं दार बंद असताना जे बोलायचं ते सगळं बोलायचं, आवाज चढला तरी चालेल, पण दार उघडून बाहेर आलं की साहेबांचा निर्णय तो माझा निर्णय, ठाणेदाराला मी तो असा सांगायचे की जसा काही मीच सुचवलाय. याला कुणी चमचेगिरी म्हणतं. ज्याला म्हणायचं त्यानं म्हणावं, दंगलीच्या रात्री दोन आवाजात ऑर्डर ऐकलेल्या हवालदाराला विचारा की काय होतं.

रात्रीवरनं आठवलं. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती, 28 सप्टेंबर. राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजानं स्वतःहून जुलूस दुसऱ्या दिवशी ठेवला आणि सरकारनं 29 ची सुट्टी दिली. हे वाचायला सोपं वाटतं, पण एकेका गावात त्यासाठी तीन तीन बैठका झाल्यात, मशिदीच्या ट्रस्टींबरोबर, मंडळांच्या अध्यक्षांबरोबर, मी स्वतः महिनाभर हेच करत होते, आमच्याकडच्या एका वयस्कर मौलानांनी पोरांना समजावलं की त्यांचा बाप्पा एक दिवस थांबू शकत नाही, आपण थांबू शकतो. हे वाक्य मी विसरणार नाही.

तर विसर्जनाची रात्र. एसपी मुख्य चौकात मिरवणुकीबरोबर, मी कंट्रोलला. शेवटची तीन मंडळं राहिलेली. दहा चाळीसला फोन आला की मशिदीवर गुलाल टाकला, पोरं जमतायत. ऑपरेटरचा हात लगेच माइकवर गेला, मी धरला. वॉकीवर बोललं की जिल्ह्यातल्या सगळ्या सेटवर ऐकू जातं, आणि सेटच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या पब्लिकला पण. तिथल्या फिक्स पॉइंटच्या हवालदाराला माझ्या मोबाइलवरनं फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, मंडळाच्या पोरांनी वर उधळलेला गुलाल पायऱ्यांवर पडलाय, इथं कमिटीचीच दोन पोरं झाडू मारतायत, अध्यक्ष येऊन माफी मागून गेला, पण मागच्या गल्लीत वीसपंचवीस अनोळखी पोरं आहेत. मागच्या गल्लीत स्ट्रायकिंग फोर्सची, म्हणजे राखीव पथकाची, एक गाडी पाठवली, सायरन न वाजवता आणि गाडीतनं न उतरता थांबायला सांगितलं. मग साहेबांना फोन, दोन वाक्यं, गुलाल पायरीवर पडलाय वाद मिटलाय, मागं अमुक गाडी उभी केलीय. ते चालत होते, चालतच राहिले. सगळं मिळून चार मिनिटं असतील.

समजा मी ते जसंच्या तसं वॉकीवर टाकलं असतं तर एसपी वळले असते, त्यांच्याबरोबर अर्धा बंदोबस्त वळला असता, कॅमेरे वळले असते, आणि पायरी झाडणारी ती दोन पोरं पाचशे लोकांच्या मधे सापडली असती. आणि समजा मी काही न सांगता आपल्यापुरतं मिटवलं असतं तर तेही चूकच, कारण मागची गल्ली पेटली असती तर एसपीला ते लोकांकडनं कळलं असतं. किती सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि स्वतः खात्री करायला किती मिनिटं घ्यायची, माझ्या मते अप्परची सगळी नोकरी या तीन गोष्टींत आहे.

आयुक्तालयात पदं वेगळी, तिथं एसपी अप्पर एसपी नसतात, मुंबईत आयुक्तांच्या खाली कायदा सुव्यवस्था, गुन्हे, प्रशासन, वाहतूक असे सहआयुक्त असतात. 26/11 च्या रात्री सहआयुक्त गुन्हे राकेश मारिया कंट्रोल रूम सांभाळत होते, आणि त्या रात्री कंट्रोलला कुणी बसायला हवं होतं यावर नंतर वाद झाला. मी त्या रात्रीबद्दल बोलत नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण माझ्या अनुभवानं सांगते, निर्णय घेऊ शकणारा एक सीनियर माणूस कंट्रोलला बसलेला पाहिजेच, नाहीतर कंट्रोल म्हणजे नुसतं टेलिफोन एक्सचेंज होतं. बसायला जीवावर येतं, बाहेर आपली माणसं दगड खात असतात आणि आपण खुर्चीत, पण बसायचं.

अजून एक काम आहे ज्याला कुणी महत्त्व देत नाही, ते म्हणजे अंमलदारांच्या चौकश्या. शिक्षा एसपी देतो, पण चौकशी कित्येकदा अप्परकडनं जाते, आणि एसपी नव्वद टक्के वेळा आपण लिहिलेल्या शेऱ्यावरच सही करतो, कारण त्याच्यापुढं असे ढीग असतात. माझ्याकडं एक कसुरी रिपोर्ट, म्हणजे कामात कसूर केल्याचा अहवाल, आला, हवालदार, चोवीस वर्षं सर्व्हिस, मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला सकाळी सहाला गैरहजर, ठाणेदारानं कडक शिफारस केलेली, इन्क्रीमेंट बंद करा म्हणून. त्याचा खुलासा फक्त एका ओळीचा, झोप लागली, चूक झाली. मला तो खुलासा खटकला, इतका सरळ कुणी लिहीत नाही. समोर बोलावलं तर मान खाली, काही बोलेना. मग त्या पोलीस स्टेशनच्या गाडीचं लॉगबुक आणि स्टेशन डायरी मागवली. आदल्या दिवशी तो आरोपी घेऊन दीडशे किलोमीटरवरच्या कोर्टात गेलेला, परत येताना गाडी बंद पडली, गाडी आत आल्याची नोंद पहाटे तीन दहाची. त्याच्या आदल्या रात्री नाइट ड्युटी. म्हणजे दोन रात्री सलग, आणि सहाला परत हजर. ड्युटी लावणाऱ्यानं मस्टर बघितलं नव्हतं, आणि ठाणेदारानं स्वतःवर येऊ नये म्हणून याच्यावर ढकललं. मी चौकशीत हे सगळं तारखा वेळांसकट लिहिलं, हवालदाराला नुसती समज द्यावी आणि ठाणेदाराला ड्युटी वाटपाबद्दल खुलासा विचारावा असं. साहेबांनी वाचलं आणि तसंच केलं. तो हवालदार नंतर कधी मला भेटायला वगैरे आला नाही, यायचं कारण पण नव्हतं. पण त्या वर्षी गणपतीच्या बंदोबस्तात माझ्या गाडीजवळ कुणीतरी न सांगता पाण्याची बाटली आणून ठेवायचं, तेव्हा मला अंदाज आला.

एसपीच्या बदलीच्या वेळी काय होतं तेही सांगते. नवीन साहेब येतो, त्याला जिल्हा माहीत नाही, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्याकडं प्रत्येकजण बुके घेऊन दुसऱ्याबद्दल काहीतरी सांगायला येतो. मी दोन एसपींना चार्ज घेताना बघितलं. दोन्ही वेळी एक साधी वही तयार ठेवली होती, कुठल्या गावात कशावरनं तेढ आहे, कुठला पुतळा, कुठला रस्ता, कुठली जमीन, कुठल्या दोन घरांत जुनं वैर आहे, कुठल्या सणाला कुठं माणूस उभा करायचा. माणसांबद्दल चांगलं वाईट त्यात मुद्दाम काही लिहिलं नव्हतं. तेवढं नवीन माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, आपले राग लोभ त्याच्या गळ्यात घालू नयेत.

आणि मधल्या दिवसांत, किंवा एसपी रजेवर असताना, चार्ज तुमच्याकडं येतो. तेव्हा लोक येतात, मॅडम आता तुम्हीच आहात, साहेब यायच्या आत एवढं करून टाका. ती बदली, तो अर्ज, तो बंद पडलेला परवाना. मोह होतो, खोटं कशाला बोलू, विशेषतः एखादी गोष्ट खरंच योग्य वाटत असेल तेव्हा जास्तच. मी नियम ठेवला होता, जे थांबलं तर कुणाचं नुकसान होईल ते त्याच दिवशी करायचं, आणि जे चार दिवस थांबू शकतं ते थांबवायचं. काही लोक तोंडावर म्हणून गेले की मॅडममधे डेअरिंग नाही. त्याच चार्जच्या काळात एका गावात पुतळ्यावरनं रात्रीत जमाव जमला तेव्हा मी साहेबांना विमानतळावर गाठायचा प्रयत्न करत बसले नाही, जे करायचं ते केलं आणि सकाळी कळवलं.

तर त्या मुलाला सांगायचं ते एवढंच की पोस्टिंग मिळाली तर पहिले पंधरा दिवस केबिनमधे बसू नकोस. जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनला रात्री अकरानंतर एकदा जाऊन ये, न कळवता, ठाणे अंमलदाराच्या शेजारी स्टूलवर बस आणि स्टेशन डायरी मागून घे, मागच्या आठ दिवसांची. काही बोलू नकोस, नुसती वाच. चौथ्या पाचव्या पोलीस स्टेशनला तुला आपोआप दिसायला लागेल की कुठल्या डायरीत खरं लिहिलेलं आहे आणि कुठली एका बैठकीत एकाच पेनानं लिहून काढलीय.